हल्ला ओळखता येतो

बँकेतून पैसा गेला, रुग्णालयाची संगणकयंत्रणा बंद पडली किंवा एखाद्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली, की दोन-तीन दिवसांत एक निवेदन निघतं. हल्ला अत्याधुनिक होता, हल्लेखोर अतिशय कुशल आणि बहुधा परदेशी होते, असा हल्ला वेळीच ओळखणं कोणालाही शक्य नव्हतं, हा त्याचा सारांश. नेटवर्कच्या कामाशी कधी संबंध न आलेल्या वाचकाला ते पटतं. न पटावं असं काही त्याच्यापुढे ठेवलेलंच नसतं.

यातला शेवटचा दावा खोडून काढायला हवा, कारण सगळी जबाबदारी त्याच्या आड लपते. हल्ला ओळखण्याजोगा नव्हता हे एकदा मान्य केलं, की कोणी काय पाहायला हवं होतं, कोणी कोणाला कळवायला हवं होतं आणि कोणी काय थांबवायला हवं होतं, हे प्रश्नच उरत नाहीत. वस्तुस्थिती उलट आहे. नेटवर्कवरच्या हल्ल्यांचे प्रकार मोजके आहेत. त्यांतले बरेचसे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच नोंदले गेले आहेत. प्रत्येकाची खूण ठरलेली आहे, आणि गाजलेल्या बहुतेक प्रकरणांत ती खूण चोरी होण्याआधी किंवा चोरी चालू असताना कुठेतरी उमटलेली होती, हे नंतरच्या तपासांत दिसून आलं आहे.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुटी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. व्यवहार जवळजवळ १२ हजार. देशातल्या एटीएममधून रुपे कार्डांनी आणखी सुमारे अडीच कोटी गेले, त्यांतले काही कोल्हापुरातून. मग सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यात जवळपास १४ कोटी पाठवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख.

हे घडलं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या स्विचकडे येतो. स्विच तो बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो. खात्यात पैसे आहेत का, रोजची मर्यादा संपली आहे का, हे तिथे तपासलं जातं आणि उत्तर उलट्या वाटेने एटीएमपर्यंत जातं. हल्लेखोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरून खऱ्या स्विचच्या बाजूला स्वतःचा बनावट स्विच उभा केला. त्यांच्या कार्डांविषयीचे प्रश्न तिथेच अडवले जात आणि तिथूनच ‘द्या’ असं उत्तर जाई. कोअर बँकिंगला काही कळतच नव्हतं. म्हणूनच कोणत्याही खातेदाराच्या खात्यातून रुपया कमी झाला नाही. बँकेने हे दिलासा म्हणून सांगितलं आणि खातेदारांसाठी तो दिलासा होताही. पण हल्ला ओळखण्याच्या दृष्टीने पाहिलं तर सर्वांत मोठी खूण तीच होती.

त्या शनिवारी व्हिसाकडून बँकेला इशारा आला होता. तुमच्या कार्डांवर मोठ्या रकमांच्या हजारो मागण्या येण्याची शक्यता आहे, असा त्याचा आशय. बीबीसीने नंतर केलेल्या शोधवृत्तानुसार बँकेच्या लोकांनी आपली यंत्रणा तपासली, तर तिथे काहीच वावगं दिसलं नाही. सुमारे अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, त्यांनी कार्डांचे व्यवहार थांबवायला सांगितलं. तोवर फार पैसा गेला होता. इथे त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि पडद्यावर खरोखरच काही नव्हतं, कारण तो पडदा जिथून माहिती घेत होता ती वाटच हल्लेखोरांनी तोडली होती. दोष आहे तो बाहेरच्या जाळ्यात मंजूर झालेले व्यवहार आणि आत खात्यावर नोंदले गेलेले व्यवहार यांचा ताळा सतत लावत राहणारं काही तिथे नसण्याचा. बाहेर हजारो मंजुऱ्या आणि आत खात्यांवर एकही नावे नोंद नाही, ही तफावत पहिल्या दहा मिनिटांत दिसली असती. रोजकीर्द जुळवणं सहकारी बँकेतल्या जुन्या कारकुनाला शिकवावं लागत नाही. तेच काम यंत्राकडून दर मिनिटाला करून घ्यायचं होतं.

आणि हा प्रकार नवा होता का? मुळीच नाही. २००८ साली आरबीएस वर्ल्डपे या कंपनीच्या यंत्रणेत शिरून, कार्डांच्या मर्यादा उठवून, जगभरातल्या २८० शहरांतून काही तासांत ९० लाख डॉलर काढले गेले होते. डिसेंबर २०१२ आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आखाती देशांतल्या दोन बँकांचे साडेचार कोटी डॉलर याच पद्धतीने गेले. त्यांतल्या एका बँकेच्या कार्डांचं काम पाहणारी कंपनी पुण्यातलीच होती, असं वृत्त रॉयटर्सने तेव्हा दिलं होतं. कॉसमॉसवरच्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्ट २०१८ ला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून असा एकाच वेळी पैसा उपसला जाणार आहे. पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी तो १२ तारखेला जाहीर केला. अशा टोळ्या शनिवार-रविवार साधतात, हेही त्यांच्या वृत्तात होतं. इशाऱ्यात बळी कोण हे नव्हतं, पण प्रकार तपशिलासह होता. दहा वर्षं जगाला माहीत असलेला आणि पाच वर्षांपूर्वी याच शहराच्या दाराशी येऊन गेलेला हल्ला ‘ओळखणं अशक्य’ या सदरात कसा बसतो?

सोमवारच्या स्विफ्ट व्यवहाराचं तर समर्थनच होऊ शकत नाही. शनिवारी नेटवर्कमध्ये कोणी तरी आहे हे कळलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर स्विफ्टमधूनच मनिलाला गेले होते. तेही सुट्ट्यांचं गणित साधून. ती घटना साऱ्या बँकिंग क्षेत्राला ठाऊक होती. तरीही इथे दोन दिवसांनी तीच वाट उघडी सापडली.

पुण्याचं प्रकरण अपवाद म्हणून बाजूला सारता येणार नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती चोरीला गेली. कंपनीने तो मोठा आणि सलग चाललेला सायबर हल्ला असल्याचं सांगितलं. नंतर तिथल्या माहिती आयुक्तांच्या तपासात निघालं ते असं. एका जुन्या विकत घेतलेल्या कंपनीची काही वेबपानं तशीच पडून होती. त्यांच्यातून एसक्यूएल इंजेक्शन करता येत होतं, म्हणजे नाव किंवा क्रमांक लिहायच्या चौकटीत डेटाबेसला दिलेला हुकूम लिहून माहिती काढता येत होती. हा प्रकार १९९८ पासून लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. त्याच वर्षी त्याच पानांवर असे दोन हल्ले आधी होऊन गेले होते, आणि कोणी पाहत नसल्याने ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. डेटाबेसच्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, साडेतीन वर्षांपूर्वी आलेला होता. आयुक्तांनी चार लाख पौंडांचा दंड ठोठावला. या प्रकरणात गुन्हा कबूल करणाऱ्यांत एक सतरा वर्षांचा मुलगा होता.

दीड वर्षाने, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या किमान ८० ट्रस्टना फटका दिला आणि हजारो रुग्णांच्या तपासण्या, शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने स्पष्ट लिहिलं की हल्ला तुलनेने साधा होता आणि मूलभूत काळजी घेतली असती तर टळला असता. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता. तो बसवा अशा सूचना आरोग्यसेवेच्याच डिजिटल विभागाने मार्च आणि एप्रिलमध्ये पाठवल्या होत्या.

आता खुणांविषयी, कारण प्रतिवाद इथेच उभा राहतो किंवा कोसळतो. हल्लेखोर काहीही केलं तरी नेटवर्कवरून जातो, आणि नेटवर्कवरून जाणारी प्रत्येक गोष्ट कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्याला, किती वाजता, किती वजनाची गेली, हे नोंदता येतं. आत शिरण्याआधी तो चाचपणी करतो. एकाच पत्त्यावरून काही सेकंदांत शेकडो पोर्ट, म्हणजे आत यायचे मार्ग, तपासले जातात, आणि कोणताही खरा ग्राहक असं करत नाही. पासवर्ड फोडायचा असेल तर एका खात्यावर शेकडो चुकीचे प्रयत्न दिसतात आणि मग एक बरोबर. सावध हल्लेखोर उलट करतो. खातं बंद पडू नये म्हणून एकच सोपा पासवर्ड शेकडो खात्यांवर एकेकदा टाकून पाहतो. एका खात्याकडे पाहिलं तर त्यात काही दिसत नाही, सगळ्या खात्यांकडे एकत्र पाहिलं तर लगेच दिसतं. कार्यालयातल्याच एखाद्या संगणकाने मधे बसून सगळ्यांची वाहतूक स्वतःकडून वळवली, तर राउटरच्या पत्त्याला अचानक दुसराच हार्डवेअर क्रमांक उत्तर देऊ लागतो. आत शिरलेला प्रोग्रॅम आपल्या मालकाला हजेरी लावतो, आणि ती अनेकदा ठरावीक अंतराने लावतो, दर दहा मिनिटांनी, रात्री तीन वाजताही. माणसाचं ब्राउझिंग असं घड्याळाच्या काट्यावर चालत नाही. माहिती चोरून डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या, वाटेने बाहेर पाठवली जात असेल तर एकाच डोमेनखाली लांबलचक, अर्थहीन नावांच्या हजारो चौकश्या दिसतात. रॅन्समवेअर फायली कुलूपबंद करण्याआधी बॅकअप पुसतो, एका खात्यातून डझनावारी सर्व्हरवर लॉगइन करतो. सर्व्हरवर मागण्यांचा मारा करणाऱ्या ‘पूर’ या प्रकाराचं तर विचारायलाच नको. अर्धवट सोडलेल्या जोडण्यांचा ढीग सर्व्हरवर साचतो आणि सेवा मंदावते, ते डोळ्यांना दिसतं.

यातली एकही खूण गुप्त नाही. नेटवर्कच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात त्या असतात. विनाशुल्क मिळणारी वायरशार्क, स्नॉर्ट, सुरिकाटा, झीक यांसारखी साधनं त्या शोधतात आणि पुण्या-मुंबईतले विद्यार्थी त्यांवर प्रात्यक्षिकं करतात. अट एकच. आपलं नेटवर्क रोज कसं वागतं हे आधी माहीत असायला हवं. हिशेबाचा सर्व्हर रात्री बाहेर काही पाठवत नाही हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्याने एका रात्री वीस जीबी पाठवलेले खटकतात.

इक्विफॅक्सच्या बाबतीत हे पाहणं किती निर्णायक असतं हे इतकं स्वच्छ दिसलं की त्या एका प्रकरणावर थांबायला हवं. अमेरिकेतली ही कंपनी लोकांच्या कर्जाचा इतिहास सांभाळते. ७ मार्च २०१७ ला अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि तिच्यावरचा उपायही. इक्विफॅक्समध्ये दोन दिवसांत अंतर्गत सूचना फिरली. एका जुन्या तक्रार-निवारण पोर्टलवर मात्र उपाय बसवला गेला नाही. १३ मेपासून हल्लेखोर त्यातून आत आले, एका फायलीत साध्या अक्षरांत ठेवलेले पासवर्ड त्यांना सापडले, आणि त्यांनी ४८ डेटाबेसवर सुमारे नऊ हजार चौकश्या चालवल्या. ७६ दिवस. चौदा कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. या सगळ्या काळात कंपनीकडे वाहतूक उघडून तपासणारं उपकरण होतं. पण त्याचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं होतं, त्यामुळे त्या पोर्टलची कूटबद्ध वाहतूक ते न पाहताच पुढे सोडत होतं. २९ जुलैच्या रात्री प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं. त्यानंतर लगेच संशयास्पद वाहतूक पडद्यावर दिसली.

म्हणजे हल्ला अदृश्य नव्हता. पाहणारा डोळा बंद होता, तो उघडल्याबरोबर हल्ला दिसला. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने डिसेंबर २०१८ च्या अहवालात ही चोरी पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती असा निष्कर्ष काढला. त्याआधी कंपनीचे माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी काँग्रेसपुढच्या साक्षीत पॅचची सूचना योग्य माणसापर्यंत न पोहोचवणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखवलं होतं. ‘ओळखणं अशक्य’ या बचावाचा हा जुळा भाऊ आहे. आधी म्हणायचं, कोणालाच ओळखता आलं नसतं. ते टिकलं नाही की म्हणायचं, एका माणसाने चूक केली. दोन्ही वेळा सुटते ती व्यवस्था, जिने एका माणसाच्या एका ईमेलवर चौदा कोटी लोकांची माहिती सोपवली होती.

प्रतिपक्षाचे आक्षेप आहेत, आणि त्यांतले तीन गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की इशारे इतके येतात की खरा कोणता आणि खोटा कोणता हे कळत नाही. यात तथ्य आहे. मोठ्या नेटवर्कवर रोज हजारो इशारे वाजतात आणि रात्रपाळीचा तरुण अभियंता थकून जातो. पण टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचं काय झालं ते पाहावं. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर तिच्या गल्ल्यांवरच्या यंत्रांतून चार कोटी कार्डांचे तपशील चोरले जात होते. हल्लेखोर आत आले होते ते शीतकरणाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगइनवरून. ब्लूमबर्गने पुढे दिलेल्या वृत्तांतानुसार ३० नोव्हेंबरला इशारा वाजला, बेंगळुरूतल्या निरीक्षण पथकाने तो ओळखला आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे कोणी हालचाल केली नाही. घातक प्रोग्रॅम आपोआप पुसण्याची सोय त्या यंत्रणेत होती, पण ती बंद करून ठेवलेली होती. बेंगळुरूतल्या मंडळींना इशाऱ्यांच्या गर्दीतूनही खरा इशारा सापडला होता. त्यांच्या हातात नव्हतं ते थांबवण्याचं बटण. हा प्रश्न तंत्राचा नाही, अधिकाराचा आहे, आणि अधिकार वाटणारे लोक नेटवर्क कक्षात बसत नाहीत.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काही हल्ले खरोखरच असामान्य असतात. २०२० मध्ये उघड झालेला सोलरविंड्सचा हल्ला तसा होता. नेटवर्कवर नजर ठेवण्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्ये हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला. अठरा हजारांपर्यंत संस्थांनी तो विश्वासाने बसवून घेतला. तो आधी दोन आठवड्यांपर्यंत निपचित पडून राही आणि मग आपली वाहतूक ओरायनच्या नेहमीच्या वाहतुकीसारखी दाखवी. अनेक महिने अमेरिकी सरकारच्या खात्यांनाही तो दिसला नाही. इथे ‘ओळखणं अशक्य होतं’ असं म्हणणाऱ्याला अडवू नये, असं वाटू शकतं. पण तोही ओळखला गेलाच, आणि कसा ओळखला गेला हे महत्त्वाचं आहे. फायरआय या सुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसऱ्या पायरीच्या पडताळणीसाठी नवा फोन जोडला गेल्याची नोंद आली. सुरक्षा विभागातल्या कोणी तरी त्या कर्मचाऱ्याला विचारलं, हा फोन तुमचा का? तो म्हणाला, नाही. तिथून धागा ओढत ओढत तपास सोलरविंड्सपर्यंत पोहोचला. जगातल्या सर्वांत कुशल हल्लेखोरांपैकी एका गटाला पकडून दिलं ते एका साध्या नोंदीने आणि ती वाचून फोन करणाऱ्या माणसाने. हल्ला कितीही सफाईदार असो, शेवटी त्याला कोणाच्या तरी नावाने दार उघडावं लागतं आणि ते दार उघडल्याची नोंद होते.

असाच प्रकार जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात घडला. मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरीची किल्ली चोरून हल्लेखोर सरकारी ईमेल वाचत होते. खात्याने स्वतः लिहिलेल्या एका नियमामुळे ईमेल उघडण्याच्या नोंदींतली विसंगती सापडली. मात्र त्या तपशीलवार नोंदी तेव्हा महागड्या परवान्यातच मिळत होत्या. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्याकडे पाहायला काही नव्हतं. पुढे टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्या इतर ग्राहकांनाही द्यायचं ठरवलं. हल्ला ओळखण्याची साधनं जास्त पैसे मोजणाऱ्यालाच द्यायची आणि मग हल्ला ओळखता न आल्याबद्दल बाकीच्यांना दोष द्यायचा, हे अन्यायाचं आहे, आणि ते तसं म्हणायला सुरक्षातज्ज्ञांनी कचरू नये.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राला जवळचा आहे. तालुक्याच्या गावच्या नागरी सहकारी बँकेने किंवा जिल्हा रुग्णालयाने हे सगळं करायचं कसं? चोवीस तास निरीक्षण कक्ष चालवण्याइतका पैसा आणि माणसं त्यांच्याकडे नाहीत. हे खरं आहे, आणि त्यांच्यावर ओझं टाकून हात झटकणाऱ्या परिपत्रकांनी ते सुटत नाही. पण खर्चाच्या नावाखाली जे टाळलं जातं त्यातलं बरंचसं खर्चाचं नसतंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले, आणि देशातल्या एका आघाडीच्या सरकारी रुग्णालयात नोंदणीपासून अहवालांपर्यंत सगळं कित्येक दिवस हातानं चाललं. सरकारने नंतर संसदेत दिलेल्या उत्तरात कारण सांगितलं ते नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नसण्याचं. विभाग वेगळे करणं म्हणजे नोंदणी खिडकीवरचा संगणक आणि रुग्णांच्या माहितीचा सर्व्हर एकमेकांना सरसकट दिसू न देणं. बहुतेक ठिकाणी आहे त्याच उपकरणांत ते करता येतं. लागतो तो कोणाचा तरी आठवडाभराचा वेळ आणि वरिष्ठांची सही. अशा दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने आधीच पाहिली होती. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला आणि न्हावा-शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं.

छोट्या संस्थांसाठी उत्तर सामायिक आहे, आणि ते चालतं याचा पुरावा आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँका, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका, या कंपनीच्या सेवेवर चालतात. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला मुख्य जाळ्यापासून तोडलं. खातेदारांची गैरसोय झाली, पण १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली आणि संसर्ग देशाच्या पेमेंट व्यवस्थेत पसरला नाही. कोणाला तरी खूण दिसली आणि ज्याला दिसली त्याच्याकडे दोर कापण्याचा अधिकार होता. २०१८ च्या त्या शनिवारी पुण्यात नेमकं हेच नव्हतं. छोट्या बँकांची मुख्य प्रणाली सामायिक असू शकते, तर त्यांचा निरीक्षण कक्षही सामायिक असू शकतो. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. व्यापारी बँकांना तशी चौकट जून २०१६ मध्येच मिळाली होती.

हल्ला कोणत्या प्रकारचा होता हे वेळेवर न सांगण्याने काय होतं, तेही मुंबईने अनुभवलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज गेली, लोकल थांबल्या. साडेचार महिन्यांनी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता असलेला प्राथमिक अहवाल मांडला. लगोलग केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की कारण मानवी चूक होतं. सव्वा कोटींच्या शहराला आपल्यावर हल्ला झाला की नाही, यावर दोन सरकारांची दोन उत्तरं मिळाली. ओळखण्याची शिस्त नसेल तर हल्ला नसताना हल्ला दिसतो आणि असताना दिसत नाही.

ब्रिटनमध्ये लेखापरीक्षण कार्यालय आणि माहिती आयुक्त यांनी अहवाल छापले, अमेरिकेत काँग्रेसच्या समितीने छापला, म्हणूनच टॉकटॉक, वॉनाक्राय आणि इक्विफॅक्सविषयी इतकं नेमकं लिहिता येतं. भारतात अशी प्रथा नाही. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ल्याची माहिती सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला द्यावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. आदेश चांगला आहे. पण सर्ट-इनकडे गेलेली माहिती नागरिकांकडे परत येत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तर या संस्थेला माहिती अधिकार कायद्यातून सूट देण्यात आली. कॉसमॉस प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा सुनावली. ते एटीएमसमोर बनावट कार्डं घेऊन उभे राहिलेल्या साखळीतले लोक होते. स्विच कसा बदलला गेला, किती दिवस आधी, आणि त्या दिवसांत लॉगमध्ये काय काय उमटलं होतं, हे सांगणारा दस्तऐवज राज्यातल्या प्रत्येक सहकारी बँकेच्या संचालक मंडळाच्या टेबलावर असायला हवा.

म्हणून ‘ओळखणं अशक्य होतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून खातेदारांनी, रुग्णांनी आणि वार्ताहरांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात. हल्ला ज्ञात प्रकारांपैकी कोणता होता? पहिली खूण लॉगमध्ये कोणत्या तारखेला सापडली? ती त्या दिवशी कोणी पाहिली? आणि पाहणाऱ्याला यंत्रणा बंद करण्याचा अधिकार होता की नव्हता? सहकारी बँकेचे सभासद तर हे प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारू शकतात. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.